लक्ष कोणाचं होतं

केळीबाग सोसायटीच्या पोहण्याच्या टँकवर हल्ली बऱ्याच खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या असतात. नव्याने राहायला आलेल्या माणसाला आधी हसू येतं. समोर एवढं निळं पाणी, जळगावचं एप्रिलचं ऊन, पोरांचा दंगा, आणि मोठी माणसं पाठ फिरवून गिलाव्याकडे बघत बसलेली. ज्याचं पोर पाण्यात आहे तो तेवढा आपल्या पोराकडे बघतो. बाकीचे नाही. एखादं शेजारचं पोर काठावरून ओरडतं, "काका, बघा ना, मी उडी मारतो!" आणि काका मान न वळवता म्हणतात, "छान, छान." महिनाभरात नवा माणूसही आपली खुर्ची उचलून फिरवतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. गेटवर मनगटाला पट्टी बांधतात, तेवढ्यातच त्याला समजतं.

फक्त ऋतुजा नारखेडेची खुर्ची पाण्याकडे असायची. तिला पाठ फिरवून बसायला जमायचंच नाही.

ही ऋतुजा म्हणजे तनिष्काची मोठी जाऊ. दोघा भावांचे दोन फ्लॅट एकाच मजल्यावर, समोरासमोर, आणि दोन्ही दारं दिवसभर उघडी. ऋतुजाला मूल नव्हतं. आपल्या फ्लॅटमध्ये ती पाळणाघर चालवायची. पण तनिष्काची सहा वर्षांची इरा आणि आठ महिन्यांचा मल्हार त्या पाळणाघरातली मुलं नव्हती. ती घरची. इरा तिला मोठी आई म्हणायची. भूक लागली, गुडघा फुटला, स्वप्न पडलं, की आधी मोठी आई. तनिष्काला याचं कधी वाईट वाटलं नाही. दुपारी तिचं घरून ऑफिसचं काम, रात्री मल्हारचे दात. वाईट वाटायलासुद्धा थोडी शिल्लक लागते अंगात.

त्या पट्टीची गोष्ट आधी सांगायला हवी.

काचपेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर काम करणाऱ्या काही संशोधकांच्या लक्षात आलं, की पेटीशेजारी बसलेल्या आईच्या हृदयाचे ठोके बाळाच्या हालचालींच्या मागोमाग बदलतात. बाळ दचकलं की आईचा एखादा ठोका लांबतो. बाळ निवांत झालं की तिचाही श्वास खाली येतो. मध्ये काच असली तरी. आईच असायला हवी असंही नाही; जी नर्स मनापासून बघतेय तिचंही तसंच होतं. आणि जी नुसतीच बघतेय, डोळे तिकडे पण मन भाजीपाल्यात, तिचं होत नाही. या मागोमाग चालण्याला त्यांनी अनुस्पंद म्हटलं.

पुढचं काम यंत्रवाल्यांनी केलं. पाण्यात उतरणाऱ्या मुलाच्या मनगटावर एक पट्टी, काठावरच्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या मनगटावर एक. मूल डुबकी मारतं तेव्हा, ज्याचा त्याच्यावर जीव आहे आणि त्या क्षणी लक्षही आहे, त्या माणसाचं हृदय किंचित मंदावतं. मूल वर आलं की पुन्हा पूर्ववत. मुलाची रेषा आणि मोठ्या माणसाची रेषा एकावर एक ठेवली, की दिसतं कोण कोणाकडे खरोखर बघत होतं. कॅमेऱ्याला डोळे दिसतात, या यंत्राला लक्ष दिसायचं. त्याचं नाव ठेवलं साक्षी.

साक्षीमुळे पोरं बुडायची कमी झाली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तिचा पहिला उपयोग झाला तो कोर्टात. टँकवर कुणाला इजा झाली की पूर्वी वर्षानुवर्षं भांडण चालायचं. सोसायटी म्हणायची आईबापांची चूक, आईबाप म्हणायचे फरशी निसरडी होती, जीवरक्षक म्हणायचा मी त्या टोकाला होतो. नव्या कायद्याने सोपं करून टाकलं. मुलावर ज्याची रेषा जुळलेली होती, त्याने त्याची जबाबदारी घेतली होती असं धरायचं. आणि अपघाताच्या वेळी ती रेषा तुटलेली असेल, तर दोष त्याचा. ज्याची रेषा जुळलेलीच नव्हती, त्याला काही नाही. आईबाप तिथे असले, तरी त्यांनी मूल दुसऱ्यावर सोपवलं होतं असं समजायचं.

म्हणजे जो बघत होता, तो अडकला. बघत नव्हता, तो सुटला.

लोक शहाणे असतात. त्यांनी खुर्च्या फिरवल्या. टँकवरचा जीवरक्षक सोहेल आधी प्रत्येक पोराला नावाने हाक मारायचा, पायाला धरून पाणी कापायला शिकवायचा. त्याला कंपनीने प्रशिक्षणाला पाठवलं. परत आला तो नजर सारखी इकडून तिकडे फिरवत, पंख्यासारखी. कुठल्याच पोरावर ठरू द्यायची नाही. पोरांची नावंही त्याने सोडली. "ए निळी टोपी, मागे हो."

*

अपघात झाला त्या संध्याकाळी इरा हट्टालाच पेटली होती. तनिष्का मल्हारला कडेवर घेऊन निघाली, तर समोरच्या दारातून ऋतुजा पदर खोचत बाहेर.

"ताई, तुम्ही कशाला? आत्ता तर तुमची पोरं गेली."

"तुझे डोळे बघ आरशात. चल, मी येते."

गेटवर मुलासाठी जबाबदार कोण म्हणून अंगठा लावायचा असतो. तो ऋतुजानेच लावला. नेहमी तीच लावायची. मुलं आपलीच की, त्यात माझी-तुझी काय.

पुढचं तनिष्काला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पाण्यावरची तिरीप. मांडीवर मल्हारचं ऊबदार ओझं. इराचा आवाज, "मोठी आई, आता पायरीवरून!" मग काहीच नाही. मग एक किंकाळी. डोळे उघडले तेव्हा ऋतुजाचा हात मल्हारच्या पाठीखाली होता, आणि इरा काठावर दिसत नव्हती.

ओल्या काठावरून धावताना ती घसरली. कोपर स्टीलच्या शिडीवर आपटलं आणि ती पाण्यात गेली. सोहेलने तिला लगेच वर काढलं, तेवढं बरं. पण कोपराचं हाड मोडलं होतं आणि त्याखालची नस चेंगरली होती. उजव्या हाताची बोटं मिटेनात.

दवाखान्यात टेबलामागच्या मुलीने विचारलं, "लक्ष कोणाचं होतं?"

तनिष्काच्या अंगावर इराचा ओला टॉवेल होता. घरात कुणी मुलांचं कौतुक केलं की ती जे म्हणायची, तेच तिच्या तोंडून आलं.

"ताईंचं. आमच्याकडे मुलांना ताईच बघतात. माझ्यापेक्षा जास्त जीव आहे त्यांचा."

शेजारी उभ्या असलेल्या ऋतुजाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुलीने टाइप केलं.

मोठ्या जावेला मान देण्याची ही घरातली रीत. ती रीत जबाब म्हणून नोंदली गेली.

*

साक्षीचा अहवाल आठवड्याने आला. ऋतुजाची रेषा इराच्या रेषेला टँकवर आल्यापासून जुळलेली. मग एके ठिकाणी खंड. दीड-दोन श्वासांचा. इरा त्याच खंडात पडली. दायित्व: ऋतुजा प्रथमेश नारखेडे, निम्म्याहून बरंच जास्त. सोसायटीकडे निसरड्या काठाबद्दल थोडंसं. आई: मूल सोपवून निर्धास्त. दोष नाही.

निकाल पक्का होईपर्यंत ऋतुजाने इराच्या जवळ जायचं नाही, आणि दुसऱ्या मोठ्या माणसाशिवाय कुठल्याही लहान मुलासोबत थांबायचं नाही. पाळणाघर दुसऱ्या दिवशी बंद झालं. निकाल पक्का झाला, तर ही बंदी इरा बारा वर्षांची होईपर्यंत. समोरासमोरची दारं लागली. इराच्या मनगटावर आता घरातही पट्टी होती. मोठ्या आईची पट्टी जवळ आली की ती वाजायची. पहिल्या दिवशी दोघी जिन्यात समोरासमोर आल्या आणि पट्टी वाजली. इराला वाटलं गंमत आहे. ती हसत पुढे धावली. ऋतुजा मागे मागे सरकत चार पायऱ्या उतरली.

"मोठी आई रुसलीय का माझ्यावर? मी पळाले म्हणून?" इराने रात्री विचारलं.

"नाही गं."

"मग मला उचलून का नाही घेतलं?"

तनिष्काने तिचा प्लॅस्टरमधला हात उशीवर नीट ठेवला.

वेदांतचं म्हणणं सरळ होतं. तिचा नवरा तसा सरळच माणूस.

"सही करून टाक, तनू. अहवाल मान्य आहे, एवढंच लिहायचंय. दोष बाहेरच्या माणसाचा ठरला तर विमा इराच्या हाताचं सगळं करणार. नसेचं ऑपरेशन, पुढचे व्यायाम, सगळं. दोष आपला ठरला तर एक रुपयाही नाही."

"ताई बाहेरच्या?"

"कायद्याने बाहेरच्या. मला नको शिकवू. आई गेल्यावर माझ्या ताटात वाढलं कोणी? वहिनीनेच ना?" त्याने भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. "तिला तुरुंग होणार नाहीये. आणि ती स्वतःच म्हणाली मला, सही करा म्हणून."

"केव्हा?"

"काल. लिफ्टमध्ये. दादाही होता."

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार?" तो म्हणाला. "मी म्हटलं, बघतो. आणि खाली उतरून गाडीत बसून राहिलो."

त्याचेही डोळे खोल गेले होते. घरात दोघंही इतके थकलेले, की भांडायला कुणी उठतच नव्हतं.

*

ऋतुजा गच्चीवर होती. पाळणाघर बंद झाल्यापासून ती बिबडे, ज्वारीचे पापड, करत सुटली होती. चार घरांना वर्षभर पुरून उरतील एवढे बिबडे जुन्या साडीवर वाळत होते, आणि ती अजून घालत होती.

तनिष्का मल्हारला घेऊन वर आली. मल्हारने मोठी आई दिसताच दोन्ही हात पुढे केले, अंग उडवलं. आई सोबत असताना त्याला घ्यायला हरकत नव्हती. तरी ऋतुजाने हात पाण्यात बुचकळले आणि पुसत राहिली.

"नको. उगाच सवय कशाला. उद्या तुटायचंच आहे."

"ताई, तेव्हा काय झालं?"

"काय व्हायचंय? लक्ष गेलं."

"कुठे गेलं?"

"गेलं कुठेतरी."

"तुमचं लक्ष कुठेतरी जात नाही. सहा पोरं खेळत असताना तुम्ही मागे न वळता सांगता कोणी नाकात बोट घातलंय."

"ते आवाजावरून कळतं," ऋतुजा पुन्हा पिठात हात घालत गंभीरपणे म्हणाली. "तनू, ते बिबडे उलट. कडेचे. हातासरशी."

तनिष्का वाकली. मल्हारने तेवढ्यात, लहान बाळं करतात तसं, काहीही कारण नसताना अंग मागे झोकून दिलं. तिचा तोल गेला. पण मल्हार गेला नाही. त्याच्या पाठीखाली हात आधीच आलेला होता. पिठाने भरलेला. ऋतुजा मघाशी साडीच्या पलीकडे होती. ती अलीकडे कधी आली ते तनिष्काला दिसलंच नाही.

ऋतुजाने हात लगेच काढून घेतला. पोराच्या झबल्यावर पिठाची पाच बोटं उमटली.

तनिष्का त्या बोटांकडे बघत राहिली. त्या दिवशीही हाच हात इथेच होता. तिला इतके दिवस वाटत होतं, की इरा पडली, किंकाळी झाली, आणि मल्हारला सांभाळायला ताई धावली. पण किंकाळीने ती जागी झाली, तेव्हा हात पाठीखाली पोचलेला होता. हात आधी होता.

"मल्हार माझ्या मांडीवरून सुटत होता," ती हळू म्हणाली. "तुम्ही त्याला धरलंत. म्हणून इराकडून..."

"मला नाही आठवत."

"मी झोपले होते, ताई."

"डोळा लागला होता. त्याला झोप नाही म्हणत."

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

ऋतुजाने पातेल्यातलं पीठ उगाच ढवळलं. "सांगून काय? वकील म्हणाला, कागदावर एकदा आईचं नाव आलं की तिला पोरं एकटीने सांभाळता येत नाहीत. पोरांना आई लागते. मोठी आई नसली तरी चालतं."

"कोण म्हणतं चालतं?"

"सगळं जग म्हणतं. तू सही कर, मोकळी हो. इराचा हात आधी. मी काय, बिबडे विकेन." मग तिलाच ते ऐकून हसू आलं. "कुणी घेईल असं वाटत नाही. मीठ जास्त पडलंय."

*

निवाड्याची खोली लहान होती. कोपऱ्यात कूलर खडखडत होता, आणि निवाडा देणाऱ्या भंगाळे मॅडम बोलताना त्याच्यावर आवाज चढवत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. सकाळपासूनचं त्यांचं हे कितवं तरी प्रकरण असावं. टेबलाच्या एका बाजूला तनिष्का आणि वेदांत, दुसऱ्या बाजूला ऋतुजा एकटी. प्रथमेशभाऊजी बाहेर बाकावर. मुलं शेजारच्या काकूंकडे ठेवली होती; त्यांनी 'सांभाळते, पण लेखी काही देणार नाही' असं आधीच सांगितलेलं.

"अहवाल मान्य आहे ना? इथे सही."

वेदांतने पेन उघडून पुढे सरकवलं.

"मॅडम, एक विचारायचंय," तनिष्का म्हणाली. "तो खंड आहे ना, तेव्हा ताईंची रेषा कोणाशी जुळली होती?"

"कोणाशीच नाही. पाण्यातल्या सगळ्या मुलांशी पडताळून बघितलंय."

"माझा मुलगा पाण्यात नव्हता. मांडीवर होता."

"पाण्यात न उतरणाऱ्या बाळाला पट्टी नसते. त्याची रेषाच नाही."

"माझी आहे. मला पट्टी होती. माझ्याशी जुळवून बघा."

भंगाळे मॅडमनी चष्मा डोळ्यांवर आणला. "तुमच्याशी? मोठ्या माणसाची मोठ्या माणसाशी?"

"हो."

"तसं बघत नाही आम्ही. मोठ्या माणसाकडे कुणी लक्ष देत असतं, असं कायद्यात धरलेलंच नाही."

"यंत्राला येतं का पण?"

यंत्राला काय, कुठल्याही दोन रेषा चालतात. मॅडमनी आधी दाराकडे, मग घड्याळाकडे बघितलं, आणि दोन नावं निवडली. पडद्यावर तनिष्काची रेषा आली. लांब, संथ, दमलेल्या माणसाच्या झोपेची. तिच्यावर ऋतुजाची. खंडाच्या जागी दोन्ही एकीमागे एक चालत होत्या. तनिष्काची मान कलली असावी तिथे एक खड्डा होता, आणि त्याच्या पाठोपाठ ऋतुजाच्या रेषेत तसाच खड्डा.

"मागे घ्या ना जरा," तनिष्का म्हणाली.

मॅडमनी मागे घेतलं. फक्त खंडातच नव्हतं. टँकवर आल्यापासून ऋतुजाची रेषा थोडा वेळ इराशी, मग पळभर तनिष्काशी, पुन्हा इराशी, अशी येत-जात होती. अधलेमधले धागे इतके बारीक, की यंत्राने ते शिंकेत किंवा जांभईत धरून सोडून दिले होते.

तनिष्काला एवढंच कळलं, की लग्न होऊन आल्यापासून कुणीतरी आपल्याकडे बघत होतं आणि आपण त्याला घराची सवय समजत होतो.

ऋतुजाच सावरली. "मॅडम, तिचं काही मनावर घेऊ नका. बाळंतीण आहे ती."

"बाळ केवढंय?"

"आठ महिन्यांचं."

"आठ महिने बाळंतीण?"

"मग? बाळंतपण काय सव्वा महिन्यात संपतं का, मॅडम? तुम्हाला मुलं आहेत ना?"

मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलून परत ठेवला. मग तनिष्काला म्हणाल्या, "नीट ऐका. हे मी नोंदवलं, तर यांची रेषा तुमच्याकडे वळली याचं कारण तुम्ही ठरता. मोठा वाटा तुमच्याकडे येईल. विमा मिळणार नाही. आणि तुमची मुलं तुम्हाला एकटीला सांभाळता येणार नाहीत. एक सहपालक नेमून द्यावा लागेल, कायम हाकेच्या अंतरावर. धाकटा बारा वर्षांचा होईपर्यंत. नाही नोंदवलं, तर इथे काही झालंच नाही. मी जुळवून बघणं बंधनकारक नव्हतं."

टेबलाखाली वेदांतने तिचा हात धरला. घट्ट. "तनू, इराचा हात," तो एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात रागही नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

"माझं लिहा, मॅडम," ऋतुजा म्हणाली. "अंगठा मी लावला होता."

"झोपले मी होते."

"लक्ष माझं गेलं."

"माझ्यामुळे गेलं."

"अगं पण गेलं ना? लिहू दे त्यांना, तू गप्प बस."

"ताई, तुम्ही गप्प बसा."

"मोठ्या जावेला गप्प बस म्हणतेस?"

"पुरे!" भंगाळे मॅडमनी टेबलावर बोट वाजवलं. "हॉटेलात बिल कोणी द्यायचं म्हणून भांडतात तशा भांडताय. या खोलीत आजवर प्रत्येक जण ते समोरच्याकडे सरकवत आलाय. मला तर कळतच नाहीये काय करायचं."

तनिष्काने वेदांतच्या हातातून हात सोडवून घेतला नाही. तसाच राहू दिला. तिला इराची न मिटणारी बोटं दिसत होती, आणि जिन्यातल्या त्या चार पायऱ्याही. बोटांचं काय व्हायचं ते ऑपरेशननंतर कळणार होतं, विम्याने किंवा विम्याशिवाय. पायऱ्यांचं आत्ताच ठरत होतं. आणि सही केली, तर इरा मोठी होईपर्यंत एकच गोष्ट शिकत राहणार होती, की जो आपल्याकडे बघतो त्याला शिक्षा होते.

"तुमचं यंत्र खरं सांगतं ना, मॅडम? मग सगळं सांगू दे त्याला. नोंदवा."

*

ऋतुजावरची बंदी उठली. इराचं ऑपरेशन गाडी विकून झालं. वेदांत कामावर बसने जायला लागला. घरी यायला उशीर होतो आणि येऊन तो मुलांशी बोलतो, तिच्याशी थोडं कमी. एकदा म्हणाला, "तू चुकलीस असं नाही म्हणत मी. पण मला विचारायचं होतंस." ती म्हणाली, "विचारलं असतं तर जमलं नसतं." सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी झोपलेल्या आईचं चित्र टाकलं आणि मग, चुकून गेलं म्हणून, काढलं. भाजीवालीकडे बायका तिला जागा देतात; जरा जास्तच देतात.

सहपालकाचं नाव द्यायचा दिवस आला. तनिष्का समोरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडं होतं. तरी तिने बेल वाजवली.

"बेल काय वाजवतेस, पोस्टमन आहेस का?" आतून आवाज.

"ताई, विचारायला आलेय. नाही म्हटलंत तरी चालेल. दिवसभर पट्टी घालावी लागेल. माहेरी चार दिवस जायचं तरी परवानगी. मल्हार बारा वर्षांचा होईपर्यंत. पाळणाघर तुमचं पुन्हा नीट सुरू होतंय, त्यात हे. तुम्ही विचार करून..."

ऋतुजा ओल्या हाताने बाहेर आली. तिचा चेहरा तनिष्काने कधी नव्हे तो रागावलेला बघितला.

"दवाखान्यात माझं नाव सांगितलंस, तेव्हा विचारलंस?"

"नाही."

"त्या मॅडमसमोर सगळं स्वतःवर घेतलंस, तेव्हा?"

"नाही."

"मग आता कुठून सुचलं विचारायचं?" तिने हात पदराला पुसले. "दवाखान्यातलं लागलं होतं मला. कौतुकाने म्हणालीस ते कळत होतं, तरी लागलं. सांगून टाकते, म्हणजे मनात नको. चल, कुठे अंगठा लावायचाय?"

त्या दुपारपासून इराचे बोटांचे व्यायाम मोठी आई घेते. मऊ चेंडू तळहातावर ठेवायचा आणि एकेक बोट वाकवायचं. अंगठा ऐकतो. पहिलं बोट थोडं ऐकतं. बाकीची अजून नाही.

"दुखतंय."

"दुखू दे. वाकव."

"मोठी आई, तू इतके दिवस कुठे होतीस?"

"बिबडे करत होते. वाकव म्हटलं ना."

तनिष्का मल्हारला पाळण्यात टाकून तिथेच भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटायला लागले की ती ते ताणून उघडत होती. आता तर जास्तच. झोपणं ही आता तिच्या नावावर नोंदलेली गोष्ट होती.

"जा, आडवी हो," ऋतुजा तिच्याकडे न बघता म्हणाली.

"नको. बसते ना इथेच."

"मला कशाला नेमलंय मग? शोभेला? आडवी हो."

ती तिथेच चटईवर कलंडली. फरशीचा गारवा गालाला लागला. चेंडू एकदा हातातून सुटून घरंगळत गेला, पावलं त्याच्यामागे गेली, परत आली. पाळण्याची दोरी मध्येच कुणीतरी ओढत होतं.

"आई झोपली," इरा मोठ्याने म्हणाली.

"हळू बोल."

इरा हळू बोलायला लागली, म्हणजे अख्ख्या खोलीला ऐकू जाईल एवढं. "मोठी आई, तू आता कोणाकडे बघतेयस?"

"तुझ्या बोटाकडे."

"खोटं. तू आईकडे बघतेयस."

"दोघींकडे बघते," ऋतुजा म्हणाली. "आणि मल्हारकडे पण. वाकव तू. मला येतं ते."